कोरड्या बोअरवरची दिवाळी

ते बोडक्या डोक्याने दिसले, की जुन्नरच्या बाजारात लोक ओळखायचे: कुठेतरी जमिनीला भोक पडणार आहे.

ते पाणाडी होते. जमिनीखाली पाणी कुठे लागेल ते सांगायचे. तळहातावर नारळ आडवा ठेवून, चपला काखेत मारून शेतातून अनवाणी चालायचे, आणि नारळ जिथे उभा राहील तिथे डोक्यावरची टोपी काढून ठेवायचे. वर एक दगड. बोअरची गाडी आली की घरधन्याने ती टोपी उचलून जवळ ठेवायची. पाणी लागलं तर त्याच पाण्यात धुवून त्यांना परत द्यायची. बोअर कोरडा गेला तर टोपी घरधन्याकडेच राहायची. ती ते कधी मागायचे नाहीत. बाजारात येऊन नवी घ्यायचे. कापडदुकानाचे शेठ, मूळचे मारवाडकडचे पण पिढ्यानपिढ्या जुन्नरात मुरलेले, टोप्यांचा गठ्ठा सोडताना विचारायचे, "काय पावणं, आज कुणाचं वाटोळं केलंत?"

"तुमचं भलं केलं ना, शेठ," ते म्हणायचे.

त्यांचे बोअर बऱ्यापैकी कोरडे जायचे. हे मुद्दाम सांगतो, कारण माणूस गेला की लोक त्याला एकतर सिद्धपुरुष करतात नाहीतर भोंदू. ते दोन्ही नव्हते. भांडखोर होते, बढाईखोर होते, नारळाला चुकून कुणाचा हात लागला तर अर्धा तास शिव्या द्यायचे. पण त्यांचा एक नेम होता. दिवाळीचा पाडवा झाला की ते निघायचे, आणि ज्या ज्या घरी आपला बोअर कोरडा गेला त्या प्रत्येक घरी जायचे. त्या भोकाजवळ उभे राहायचे आणि म्हणायचे, "द्या शिव्या." कुणी खरंच द्यायचं. कुणी लाजून फराळाचं ताट पुढे करायचं. मग ते चिडायचे. "फराळाला नाय आलो मी."

पाणी लागलं त्या घरी का जात नाही, असं मी एकदा विचारलं होतं.

"तिथं माझं काय काम? तिथं पाणी हाय," ते म्हणाले. "जिथं नाय लागलं, तिथं निस्ता मीच हाय."

त्यांच्याबद्दल आमच्याकडे एक गोष्ट अजून सांगतात. मागच्या वर्षी ओतूरला एका लग्नात माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांनी ती सांगितली आणि पंगतीतले हसले. गोष्ट अशी, की हे नारळवाले डिंगोऱ्याच्या एका विधवा बाईशी लग्न करणार होते. बोलणी झालेली. तारीख धरायला म्हणून तिच्या दारात गेले, तर हातावरचा नारळ आपोआप गडगडला, आणि ते तसेच मागच्या पावली परतले. नारळाला कळलं, बाई अपशकुनी आहे. एक नवरा खाल्ला, दुसरा नारळाने वाचवला.

मी पंगतीतून उठलो नाही. जिलबी खाल्ली. दुसऱ्या दिवशी मात्र मी डिंगोऱ्याची एसटी धरली. त्याआधीची सगळी वर्षं मी ती धरली नव्हती.

नारळ पडला नव्हता. त्या दिवशी त्यांच्या हातात नारळ नव्हताच. ते माझ्या लॅबमधून तिकडे गेले होते.

माझी लॅब म्हणजे जुन्नरच्या स्टँडमागे एक गाळा. रक्त-लघवी तपासायची, मलेरियाच्या काचा पाहायच्या, मोठ्या तपासण्या पुण्याला पाठवायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात त्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. जठराला कॅन्सर होता, बहुतेक जठर काढून टाकलं. त्याआधी हा माणूस मटणाच्या पंगतीत नावाजलेला होता. आता त्यांच्या खांद्याला एक पितळी डबा लटकायला लागला. त्यात मऊ भाकरीचे तुकडे, कधी उकडलेलं अंडं. दर दोन तासांनी असतील तिथे बसून चार घास खायचे. बँकेत बसून खायचे, अंत्ययात्रेत बाजूला होऊन खायचे. लग्नाच्या पंगतीत सगळ्यांबरोबर बसून स्वतःचा डबा उघडायचे, आणि वाढपी श्रीखंड घेऊन आला की ताटावर हात आडवा धरायचे. गोड खाल्लं की त्यांना घाम फुटून चक्कर यायची. लोक म्हणायचे, गर्व झालाय. ते कुणाला समजावत बसायचे नाहीत.

"डॉक्टरला इचारलं मी," त्यांनी मला सांगितलं. "म्हटलं, पोट काढलंत ते बरं केलंत, पन भूक का ठिवलीत?"

दर काही महिन्यांनी ते रक्त द्यायला यायचे. पुण्याच्या डॉक्टरांनी सीईए नावाची तपासणी लिहून दिली होती. ट्यूमर मार्कर म्हणतात तिला. काही कॅन्सर रक्तात एक प्रकारचं प्रथिन सोडतात. ऑपरेशन झालं की त्याचा आकडा खाली येतो. नंतर तो पुन्हा चढायला लागला तर आजार परतत असण्याची शक्यता असते, आणि कधीकधी हे दुर्बिणीत किंवा सोनोग्राफीत काही दिसायच्या आधी कळतं. शक्यता असते, कधीकधी कळतं. हे शब्द मी आज जपून लिहितोय.

मी रक्त काढायचो, फिरवून वरचं पाणी वेगळं करायचो, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून सकाळच्या शिवाजीनगर गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचो. ते बाकावर बसून बघत असायचे.

"तुमचा आन् माझा धंदा एकच, भाऊ," ते म्हणायचे. "खाली काय हाय ते वरनं सांगायचं. मी दगडातलं सांगतो, तुमी रगतातलं."

"माझ्याकडे मशीन आहे."

"माझ्याकडं नारळ हाय. फोडून खाता तरी येतो."

आकडा त्यांना जाणून घ्यायचा नसायचा. ते एवढंच विचारायचे, "वर का खाली?" मी म्हणायचो, "खाली." मग ते डबा उघडायचे. ऑपरेशननंतरची कितीतरी वर्षं आमचं हे असंच चाललं.

डिंगोऱ्याच्या बाई गावच्या बालवाडीत शिकवायच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, भावाने वाटणीच्या तुकड्यावर दोन खोल्या बांधून दिल्या होत्या. त्यांच्या परसात ह्यांनी टोपी ठेवली आणि बोअर कोरडा गेला. दिवाळीत नेमाप्रमाणे हे शिव्या खायला गेले. बाईंनी तोंड सोडलं ते थांबेचना. आणि मग, बोलून दम लागल्यावर, त्या म्हणाल्या, "आता तो डबा उघडा. तुमची वेळ झाली असंल." त्यांच्या डब्याची वेळ ऑपरेशननंतर दुसऱ्या कुणी लक्षात ठेवली नव्हती. हे त्यांनी मला चारचारदा सांगितलं, प्रत्येक वेळी जणू पहिल्यांदाच.

पुढे वर्ष-दीड वर्षाने दोन्हीकडच्या लोकांनी बसून ठरवलं. पन्नाशी उलटलेला हा माणूस दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्या लॅबमध्ये आला आणि दंड पुढे करून म्हणाला, "हे एवढं बघा. खाली असला तर तारीख धरतो. तिचं कुंकू येकदा पुसलंय. माझ्या हातनं दुसऱ्यांदा नको."

त्याच सुमाराला मी पुण्याची लॅब बदलली होती. जुनीत काही खोट नव्हती. नव्या लॅबचा माणूस मोटरसायकलवर दारात येऊन नमुने न्यायचा, आणि मला रोज सकाळी थर्मास घेऊन स्टँडवर धावायचा कंटाळा आला होता. इतकंच कारण.

रिपोर्ट आला त्या दिवशी ते आधीपासून बाकावर बसलेले होते. डबा मांडीवर.

"वर का खाली?"

"वर," मी म्हणालो.

"किती वर?" हे त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

"दुपटीपेक्षा जास्त."

त्यांनी डब्याचं झाकण पुन्हा लावलं. "म्हंजी?"

पुण्याच्या डॉक्टरांना दाखवा, एवढं बोलून मी थांबायला हवं होतं. मी रक्त तपासणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण समोरचा विचारतोय आणि आपल्याला उत्तर ठाऊक आहे असं वाटलं, की जीभ पुढे जाते. मी म्हणालो, "म्हणजे पुन्हा सुरुवात झाली असणार. दुर्बिणीत दिसायच्या आधी ते रक्तात दिसतं."

"आन् मग?"

"मग वर्षभर. फार तर."

"वरीस," ते म्हणाले. "मी पानी हाय का नाय एवढंच सांगतो, राव. किती टिकंल ते मला कळत नाय. तुमचं शास्त्र लई पुढं गेलं." हा टोमणा नव्हता. ते मनापासून म्हणाले. उठले आणि स्टँडकडे गेले.

डिंगोऱ्याला दारात उभं राहून त्यांनी बाईंना दोन शब्द सांगितले. "जमायचं न्हाई." कारण सांगितलं नाही. का नाही, ते मी नंतर विचारलं. म्हणाले, "सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, असू द्या. तसली हाय ती."

कारण न कळल्यामुळे गावाने स्वतःचं कारण तयार केलं, आणि ते नारळाचं होतं.

पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली, सोनोग्राफी केली. कुठे काही नव्हतं. रक्त पुन्हा तपासा म्हणाले. ते मला येऊन सांगायला लागले, "पोट साफ हाय म्हनं." मी बरं वाटून हसलो, तर म्हणाले, "पन तुमीच म्हनला व्हता ना, आधी रगतात दिसतं." माझंच वाक्य त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. ते परत कसं घ्यायचं मला कळेना, कारण तोवर माझाही त्याच्यावर विश्वास होता.

पुन्हा तपासलं. आकडा तेवढाच. त्यानंतरही तेवढाच. चढत नव्हता, उतरत नव्हता. "थांबलाय," मी जाणत्याच्या चेहऱ्याने सांगायचो. त्या काळात ते बाजारात कुणाशी भांडायचे नाहीत. कुणी बोअरला बोलावलं तर "पुढल्या साली मी नसंन, दुसऱ्याला इचारा" म्हणायचे. टोपी सतत डोक्यावर असायची. ती तशी बघायला मला बरं वाटायचं नाही.

मग निमगाव सावाचा एक द्राक्षबागायतदार आला. त्याचं आतड्याचं ऑपरेशन झालेलं, हीच तपासणी चालू. त्याचाही आकडा नव्या लॅबला गेल्यापासून एकदम वर गेलेला होता, आणि माणूस घोड्यासारखा. दोन वेगळ्या माणसांचे आजार एकाच मुहूर्तावर कसे परतले, हा प्रश्न मला तेव्हा पडला. किती उशिरा, ते बघा. पुढच्या वेळी नारळवाल्यांचं रक्त मी दोन नळ्यांत भरलं. एक मोटरसायकलवाल्याला दिली, दुसरी थर्मासमध्ये घालून स्टँडवर नेली. नव्या लॅबचा आकडा वर आला. जुन्या लॅबचा पूर्वीइतकाच खाली होता. दोन्हीकडची मशीन वेगळी, रसायनं वेगळी, मोजायची रीत वेगळी. एकीकडचा आकडा दुसरीकडच्या आकड्याशेजारी मांडायचाच नसतो. आकडा चढतोय का, हे एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने, पुन्हा पुन्हा बघूनच ठरवायचं असतं. रिपोर्टच्या तळाशी हे छापलेलं असायचं. मी तो कागद रोज हाताळत होतो.

म्हणजे त्यांचा आकडा कधी चढलाच नव्हता.

ते आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ते भाकर खात होते. शेवटचा तुकडा संपवला, बोटं पुसली.

"म्हंजी तुमचा बोअर कोरडा गेला," ते म्हणाले आणि हसले. खरंच हसले, खांदे हलेपर्यंत. मग हसू ओसरलं आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"तुम्ही जाऊन सांगा त्यांना," मी म्हणालो. "अजून काही गेलेलं नाही."

"मी गेलो तर ती म्हनंल, मरायचा व्हता तवा सोडलं, आता जगायचा हाय तर आला. माझं नाय ऐकायची. तुमी जा. बोअर तुमचा हाय."

मी रविवारी जातो म्हणालो.

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी पाऊस होता. खरं कारण वेगळं होतं. अर्ध्या जुन्नरचं रक्त माझ्याकडे यायचं. डिंगोऱ्यात एकदा बोललो की ते आठवडेबाजारात पोचणार, आणि मग माझ्या रिपोर्टवर कोण विश्वास ठेवणार, असं मला वाटत होतं. वर्ष गेलं. न जाण्यापेक्षा आता जाणंच विचित्र दिसेल, असं वाटायला लागलं. आणखी वर्षं गेली.

त्यांनी मला कधीच विचारलं नाही, गेला होता का म्हणून. फक्त दिवाळीनंतर रक्त द्यायला आले की पायांवर धूळ असायची.

"डिंगोऱ्याला जाऊन आलो," ते सांगायचे. लग्न मोडल्यावरही त्यांनी तिथला नेम मोडला नव्हता. "शिव्या खाल्ल्या. लई मन लावून देती. बोअरबद्दलच बोलती, दुसरं काय नाय."

आणि माझ्याकडे बघायचे. मी खाली मान घालून त्यांच्या दंडाला रबर बांधायचो.

"वर का खाली?" ते नंतर विचारायचे.

"खाली."

"पानी हाय, राव," ते म्हणायचे. "पंप नाय बसवला."

असं वर्षानुवर्षं चाललं. दोन हजार साल उलटून बरंच झालं होतं, तेव्हा एका थंडीत ते छातीच्या विकाराने गेले. पोटाने शेवटपर्यंत त्यांना दगा दिला नाही. सरकारी दवाखान्यात मी भेटायला गेलो तेव्हा खाटेशेजारच्या स्टुलावर डबा होता, झाकण लावलेला, आणि जवळ कुणी नव्हतं. मातीला आलेल्या लोकांत पाणी लागलेले फार थोडे होते. कोरड्या बोअरवाले बरेच आले होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने जुनी टोपी आणून त्यांच्या पायाशी ठेवली. डिंगोऱ्याच्या बाई दिसल्या नाहीत. मी नजर फिरवून बघितलं होतं.

तर मागच्या वर्षी, ओतूरच्या त्या लग्नानंतर, मी डिंगोऱ्याला गेलो. बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा निवडत बसल्या होत्या.

"कोन म्हनायचं?"

"जुन्नरचा लॅबवाला."

"हां," त्या म्हणाल्या आणि शेंगा निवडत राहिल्या.

मी उभ्यानेच सगळं सांगितलं. लॅब बदलल्याचं, आकड्याचं, वर्षभर म्हणालो ते, दोन नळ्यांचं, आणि रविवारचं. रविवारचं सांगताना त्यांचा हात थांबला.

"म्हंजी त्येंनी तुमाला जायला सांगितलं व्हतं."

"हो."

"आन् ते दर साली हितं यायचे तवा, तुमी सांगितलं नाय, हे त्येंना ठाव व्हतं?"

"माहीत असणार. तुम्ही कधी काही बोलला नाहीत त्यांना, त्यावरून."

"मी कशी बोलनार? मला वाटायचं, त्येंनी बोलावं." त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "त्येंना वाटत असंल, हिला कळूनबी ही गप हाय, का हिला कळलंच नाय, काय ठावं." मग म्हणाल्या, "अजून काय ऱ्हायलंय सांगायचं?"

"नाही."

"मग या हिकडं."

त्या मला घरातून परसात घेऊन गेल्या. जाताना खुंटीवर एक जुनी, मळकी टोपी दिसली. बोअरच्या तोंडावर चपटा दगड होता. वाकून त्यांनी तो सरकवला, मातीतला एक खडा उचलला आणि आत टाकला. फार वेळ लागला नाही. खालून स्वच्छ आवाज आला, खडा पाण्यात पडल्याचा.

"हे कधी?"

"लगीन मोडलं त्याच्या फुडल्या पावसाळ्यानंतर. वरल्या अंगाला वढ्यावर बंधारा घातला ना, तवा. आपोआप आलं."

"मग तुम्ही पाणी कुठून भरता?"

"हापशावरनं. सगळी वरसं."

"त्यांना सांगितलं का नाही?"

बालवाडीतल्या मंद पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलं असतं तर टोपी धुऊन द्यावी लागली असती. मग कशाला आले असते ते?"

त्यांनी दगड पुन्हा जागेवर सरकवला, पायाने दाबून बसवला. गावात ही नारळाची गोष्ट सांगतात ती मी खरं काय ते लिहून खोडून काढू का, असं मी विचारलं. "लिव्हा," त्या म्हणाल्या. "पान्याचं बी लिव्हा. आता कुनापासून लपवायचं हाय?"

मी निघालो. फाटकापर्यंत गेलो तेव्हा त्यांनी हाक मारली.

"दिवाळीत या."

"मी?"

"तुमचा बी कोरडाच गेलाय न्हवं? मग. हितं उभं ऱ्हायला कुनी येत नाय आता."

एसटीची पायरी चढताना हल्ली मला कंडक्टरचा हात धरावा लागतो. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेलो. त्या दगडाजवळ उभा राहिलो आणि म्हणालो, "द्या शिव्या." बाईंनी हातचं काही राखलं नाही. बोअरचं कधीच संपलं होतं, त्या रविवारचंच बोलल्या. दम लागल्यावर आत जाऊन त्यांनी पाणी आणलं. निघताना मी खुंटीकडे बघितलं. टोपी तिथेच होती, न धुतलेली.